एसएमएस होता की, मग सगळे व्हॉट्सॲपकडे का गेले? फक्त फुकट होतं म्हणून?

तुमचा प्रश्न असा आहे: मोबाईलवर एसएमएसची सोय आधीपासून होती, मग लोकांनी ती सोडून व्हॉट्सॲप का धरलं, केवळ पैसे वाचतात म्हणून का, आणि आता एसएमएसचं काय उरलंय? खाली दोन-तीन उत्तरं आली आहेत, सगळ्यांचं म्हणणं एकच, फुकट मिळालं की लोक जाणारच. मला ते अर्धंच खरं वाटतं.

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला २००४ पासून माझं रिचार्ज आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, आठ बाय सहाचा गाळा. पण या भागात यंत्रमाग, टॉवेलवाले, विडी कामगार बायका, कॉलेजची पोरं असे सगळेच येतात. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषा एका संध्याकाळी काउंटरवर ऐकू येतात. तिथून मला जे दिसलं ते असं: लोक एसएमएस सोडून गेले ते पैशापेक्षा लिपीला कंटाळून.

आधी एसएमएस मुळात कसा होता ते बघू. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ नावाच्या तरुण इंजिनिअरने कॉम्प्युटरवरून तो व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर पाठवला, मजकूर होता 'मेरी ख्रिसमस'. म्हणजे पहिलाच मेसेज सणाच्या शुभेच्छांचा. पुढे काय होणार याची लक्षणं तेव्हाच दिसली होती म्हणायची!

आपण बोलत नसलो तरी फोन आणि टॉवर यांच्यात कामापुरती कुजबुज चालू असते: तू कुठे आहेस, तुला कॉल आलाय, घंटी वाजव. त्या कुजबुजीच्या वाटेत जागा मोकळी राहायची. तिथून छोट्या चिठ्ठ्या सरकवता येतील ही मूळ कल्पना. जागा अरुंद म्हणून चिठ्ठी १४० बाइटची, म्हणजे ११२० बिटची. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, त्या हिशेबाने १६० अक्षरं बसतात. १९८५ मध्ये फ्रिडहेल्म हिलेब्रँड या जर्मन इंजिनिअरने टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं लिहून मोजली, पोस्टकार्डांवरचा मजकूर पाहिला, आणि माणसाचं म्हणणं साधारण १६० अक्षरांत आटोपतं असं ठरवलं.

त्यांचं आटोपत असेल. आपल्या देवनागरीला एका अक्षरामागे १६ बिट लागतात, म्हणजे त्याच चिठ्ठीत फक्त ७० बसतात. आणि अक्षर म्हणजे आपण समजतो ते नाही. काना, मात्रा, वेलांटी, मधला हलंत, सगळं वेगळं मोजलं जातं. 'श्री' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, फोनला चार दिसतात. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत 'श्री सिद्धेश्वर यात्रेच्या हार्दिक शुभेच्छा' एवढं लिहिलं की मधल्या जागा धरून ४३ संपले. उरले २७. त्यात आपलं आणि घरच्यांचं नाव घालायला गेलं की ७० च्या पुढे, आणि मग एका मेसेजचे दोन मेसेज. दोनाचे पैसे. त्यात गंमत अशी की मेसेज जोडायचा असेल तर जोडणीचा धागाही त्याच १४० बाइटमधून कापून घेतात, म्हणून प्रत्येक तुकड्यात ७० ऐवजी ६७ च बसतात. मराठीत लिहिणाऱ्याने असा दुप्पट भुर्दंड सोसायचा. तोही फोनमध्ये देवनागरी असेल तर. नाहीतर समोरच्याला नुसते चौकोन दिसायचे.

म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागले. तेही बटणांच्या फोनवर. नोकिया ११०० आठवतोय? २००३ मध्ये आला, वर टॉर्च होता, आणि लोडशेडिंगच्या त्या वर्षांत आमच्याकडे लोक आधी टॉर्च बघायचे आणि मग फोन. त्यावर 'स' हवा तर सातचं बटण चार वेळा दाबायचं. फोनमधली शब्द ओळखणारी डिक्शनरी चालू ठेवली तर एकेकदाच दाबून भागायचं, पण डिक्शनरी इंग्रजी. 'काय' लिहायला ५, २, ९ दाबलं की तिला त्याच तीन बटणांत 'लॉ' आणि 'जॉ' सापडायचे. पहिली पाच वर्षं माझ्याकडे रोज कोणीतरी एकच काम घेऊन यायचं, "ते डिक्शनरीचं बंद करून द्या की ओ."

रोमन मराठीने केलेला एक घोटाळा मी जवळून पाहिलाय. आमच्या गल्लीत एका टॉवेल कारखान्याचे मुनीम होते, साठीचे, हिशेबाला पक्के. बाहेरगावच्या एका पार्टीशी त्यांचा एसएमएसवर व्यवहार चालायचा. पार्टीने सुताच्या बाबतीत मेसेज टाकला, उद्या गठ्ठे पाठवतो. मुनीमकाकांनी उत्तर दिलं, बी-ए-आर-ए. त्यांना म्हणायचं होतं 'बरं'. पार्टीने वाचलं 'बारा'. लागत होते पाच. तिसऱ्या दिवशी टेम्पो दारात उभा, बारा गठ्ठे, हमाल विचारतोय कुठे उतरवू. काका फोन घेऊन माझ्याकडे आले, मेसेज उघडून दाखवला आणि म्हणाले, "यात बारा कुठे लिहिलंय सांग बे." मी काय सांगणार! दोन्ही तेच लिहिलेलं होतं. शेवटी सात गठ्ठे परत गेले, भाडं काकांच्या मालकाने भरलं, आणि त्या दिवसापासून काका आकडे लिहूनच मेसेज करायचे, आणि लगेच फोन करून तो मेसेज वाचूनही दाखवायचे.

म्हणजे एसएमएस असूनही फोन करावाच लागायचा. हा मुद्दा लक्षात ठेवा.

पैशांचंही सांगतो, कारण ते पूर्ण खोटं नाही. पॅक नसेल तर एका मेसेजला रुपया जायचा, म्हणून पोरं मेसेजचं पॅक मारायची. घरून मिळालेल्या पन्नासातले तीस पॅकला आणि वीस बोलायला, असं बजेट असायचं. तरी दिवाळीला आणि एकतीस डिसेंबरला पॅक चालायचं नाही. त्याला 'ब्लॅकआउट डे' म्हणायचे. ज्या दिवशी मेसेज करायचा त्याच दिवशी पूर्ण दर. शहाणे लोक आदल्या दिवशीच शुभेच्छा पाठवून मोकळे व्हायचे, त्यामुळे आमच्याकडे दिवाळी मोबाईलवर एक दिवस आधी यायची. आणि ज्यांना तेही परवडत नव्हतं त्यांची मिस्ड कॉलची भाषा होती. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे खाली ये. भाषा कोणती का असेना, मिस्ड कॉलला लिपी लागत नव्हती. सोलापुरातला सगळ्यात चाललेला मेसेज तोच असणार.

मग नकोशा जाहिरातींना आळा घालायच्या नावाखाली २७ सप्टेंबर २०११ पासून ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेने, एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली. ओरडा झाला, मर्यादा २०० वर नेली. पुढच्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने वैयक्तिक मेसेजवरची मर्यादा काढून टाकली. पण दिवसाला तीनशे मेसेज करणारी कॉलेजची पोरं तोपर्यंत दुसरीकडे बघायला लागली होती. निंबझ, ईबडी असली गप्पांची ॲपं मी तेव्हा मेमरी कार्डातून भरून द्यायचो, गाण्यांबरोबर.

ती सगळी मागे पडली आणि व्हॉट्सॲप उरलं, याचं कारण मला पत्त्यात दिसतं. आधीच्या ॲपांना आयडी लागायचा, पासवर्ड लागायचा. पोरं ते करायची, त्यांच्या आया कुठून करणार? जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन, दोघेही पूर्वी याहूत काम केलेले. त्यांनी २००९ मध्ये व्हॉट्सॲप काढलं आणि मोबाईल नंबर हाच पत्ता ठेवला. वहीत ज्याचा नंबर आहे तो आपोआप दिसणार. वर ते नुसत्या भारी फोनपुरतं ठेवलं नाही, नोकियाच्या साध्या फोनांवरही चालवलं. आतली रचना मात्र एसएमएसचीच भावंड म्हणा. एसएमएस कंपनीच्या मेसेज केंद्रात थांबतो आणि समोरचा फोन चालू झाला की सुटतो. व्हॉट्सॲपचा मेसेजही त्यांच्या सर्व्हरवर थांबून समोरचा ऑनलाइन आला की जातो. फरक रस्त्याचा. एक कुजबुजीच्या बोळातून यायचा, दुसरा इंटरनेटच्या हायवेवरून येतो, आणि हायवेवर अक्षरं कोण मोजतो!

आता मूळ मुद्दा. मुनीमकाकांच्या कारखान्यात २०१३ च्या सुमारास मालकाच्या मुलाने स्मार्टफोन घेतला. आधी नवीन डिझाइन दाखवायचं तर टॉवेलचा नमुना पार्सलने जायचा, चार दिवसांनी पार्टीचा फोन यायचा, किनार अजून गडद करा. पुन्हा पार्सल. मुलगा मागावरून उतरलेला टॉवेल उन्हात धरून फोटो काढायचा आणि पाठवायचा. पाच मिनिटांत पार्टी त्याच फोटोवर किनारीभोवती लाल गोल काढून परत पाठवायची. मरून, तांबडा, विटकरी यावर जे वाद आठवडाभर चालायचे ते एका चहात मिटायला लागले. (फोटोतला रंग आणि खरा रंग यावरून नवे वाद सुरू झाले, ते सोडा.) यात एसएमएसपेक्षा स्वस्त पडलं हा भाग कितीसा? लिहावं लागलं नाही, हे महत्त्वाचं.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं. एक अक्का आहेत, विड्या वळतात, हजार विड्यांवर मजुरी. बोलणं घरात तेलुगू, बाजारात मराठी, लिहिणं कुठलंच नाही. मुलगी भिवंडीला दिलेली. अक्कांच्या फोनवर एसएमएस यायचे ते माझ्याकडून वाचून घ्यायच्या, आणि बहुतेक कंपनीच्या कॉलर ट्यूनचे असायचे. देशातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा पेपरात फोटो आले, लोक शेवटची तार करायला रांगेत उभे होते. त्याच्या पुढच्याच महिन्यात व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायचं माइकचं बटण आलं. त्याचे फोटो कोणी छापले नाहीत. माझ्या मते आमच्या भागात मोबाईल खऱ्या अर्थाने पोचला तो त्या बटणामुळे.

अक्कांना ते बटण कळायला पुढे तीन-चार वर्षं गेली. मुलीने स्वतःचा जुना फोन पाठवला. अक्का दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, हे कसं दाबायचं?" मी दाखवलं, दाबून धरा, बोला, सोडा. त्यांनी फोन कानाला लावला, कॉलसारखा. म्हटलं, तोंडासमोर धरा. मग त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि मोठ्याने म्हणाल्या, "बागुन्नावा?" बरी आहेस का. एवढंच, आणि बटण सोडलं. दोन मिनिटं आम्ही दोघं फोनकडे बघत होतो. उत्तर आलं. मी ते सुरू करून दिलं, त्यांनी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना मागे नातवाचं रडणं ऐकू येतंय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग त्या परत बटण दाबून त्याच्यावरच बोलत सुटल्या.

हे एसएमएसमध्ये १६० काय, सोळाशे अक्षरं दिली असती तरी झालं नसतं.

फुकटपणाचा मोठा धक्का बसला तो ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं तेव्हा, हे मान्य. त्याआधी लोक नेट चालू करून मेसेज घेऊन लगेच बंद करायचे, नळ सोडून घागर भरावी तसं. जिओनंतर नळ उघडाच राहिला. पण तोवर दिशा ठरली होती. त्या आधीच, फेब्रुवारी २०१४ मध्ये, फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घ्यायचा सौदा जाहीर केला होता. एवढे पैसे मोजायला लोक आधीच आत असावे लागतात.

मेसेज वाचला गेला हे दाखवणाऱ्या निळ्या टिका नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या. त्यावर काही लिहीत नाही. प्रत्येकाच्या घरात एक भांडण झालेलं आहे, आपापलं आठवा.

वाईट बाजू मात्र टाळता येत नाही. 'हा मेसेज दहा जणांना पाठवा, नाहीतर उद्यापासून व्हॉट्सॲपला पैसे पडतील' हे फिरायचं तेव्हा आम्ही हसायचो. एसएमएसच्या काळात असलं काही पुढे ढकलायला खिशातून पैसे जायचे, म्हणून माणूस दोनदा विचार करायचा. तो अडसर गेला. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आणि व्हिडिओ सुटले. त्यातला एक खूप फिरलेला व्हिडिओ तर कराचीतल्या एका जनजागृती फिल्मचा कापलेला तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये पोराला परत आणून सोडतात, ते शेवटचं कापून टाकलं होतं. तो माझ्या काउंटरवरही एकाने दाखवला. मी म्हटलं, खोटं असेल. "असेल" म्हटलं, "आहे" म्हटलं नाही. आणि पुढे पाठवू नको, असंही म्हटलं नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, आणि बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे ती जगभर लागू केली आणि एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. म्हणजे ज्याने मोजणी मोडली त्यालाच शेवटी मोजणी आणावी लागली. संवादाला कुलूपही आहे, एप्रिल २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय मजकूर कोणाला वाचता येत नाही, आणि ते हवंच. पण त्यामुळे अफवा वाटेत कुठे पकडताही येत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, त्याला इलाज मला माहीत नाही.

टेलिग्राम, सिग्नल यांचं विचाराल तर माझी गिऱ्हाइकं टेलिग्राम स्पर्धा परीक्षांच्या पीडीएफसाठी ठेवतात, सिग्नल दोघा-तिघांकडे दिसतं. एसएमएसचा नवा अवतार म्हणून आरसीएस आलंय, फोनच्या साध्या मेसेज ॲपमध्येच फोटो, टिका वगैरे दिसतात. आमच्याकडे त्यावर मी आजवर फक्त जाहिराती पाहिल्या आहेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, एसएमएसचं काय उरलं. लोकांच्या गप्पा गेल्या, पण सरकारी टपाल राहिलं. बँकेचा ओटीपी, गॅस, रेल्वे, आधार. रिचार्जबरोबर दिवसाला १०० एसएमएस अजून फुकट मिळतात, ज्या शंभरासाठी २०११ मध्ये पोरं भांडत होती. आता एकालाही हात लागत नाही. खुद्द व्हॉट्सॲप नव्या फोनवर चालू करायचं तर सहा आकडी कोड बहुतेक वेळा एसएमएसनेच येतो. कंपन्यांनी पाठवायच्या एसएमएसचा मजकूर आधी नोंदवायचा असा नियम आहे, म्हणजे फसवणूक कमी व्हावी. ८ मार्च २०२१ ला ती तपासणी कडक सुरू झाली आणि देशभर ओटीपी अडकले. दुकानात त्या दिवशी सात-आठ जण फोन घेऊन आले होते, फोन बिघडला म्हणून. मीही दोघांचे फोन रीसेट करून बसलो, आणि संध्याकाळी बातमी कळली. ट्रायला ती तपासणी आठवडाभर थांबवावी लागली.

म्हणून एक कामाची गोष्ट सांगतो, एसएमएस वापरत नसलात तरी नंबर मरू देऊ नका. सिम ९० दिवस वापरलं नाही, रिचार्जही केलं नाही, तर कंपनी नंबर काढून घेऊन कालांतराने दुसऱ्याला देऊ शकते. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांनी दोन सिमपैकी जुनं सिम 'व्हॉट्सॲप वायफायवर चालतंय की' म्हणून वर्षभर रिचार्जच केलं नाही. नंबर गेला. बँकेत नवा नंबर लावायला चार हेलपाटे पडले, तेवढं जमलं. पण पुतणे, जुने विद्यार्थी, साऱ्यांच्या वहीत अजून जुनाच नंबर आहे. तो आता कुठल्या तरी अनोळखी माणसाकडे आहे. शिक्षकदिनाला गुरुजींच्या नावाने शुभेच्छा तिकडे जातात, आणि विद्यार्थी सांगतात, तो माणूस न चुकता हात जोडल्याची खूण पाठवतो.